पुन्हा घास

बरणी टेबलावर ठेवून दवाखान्याचा माणूस असा पळाला, जणू आतलं काही त्याच्या अंगावरच येणार होतं. त्याला तरी काय बोलायचं म्हणा! बरणीतल्या करड्या पाण्यात लिंबाएवढा एक पांढरट गोळा बुडाला होता, कडेने फुटलेला. त्याला चिकटून आलेलं मांस यंत्र पुसलेल्या बोळ्यासारखं काळं पडलं होतं. भिंगवालीने झाकण उघडलं, वास नाकात गेला आणि ती "शी! शी!" करत मागे सरली. मग आपलीच लाज वाटून पुन्हा पुढे आली. ते मांस तिच्या घरच्या माणसाचं होतं.

भिंगवाली हे तिचं कारखान्यातलं नाव. मालाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे तिचं काम. कारखान्यात खुब्याच्या सांध्याचे गोळे बनत. सिरॅमिकची पूड दाबून गोळा करायचा, भट्टीत भाजायचा, तासून गुळगुळीत करायचा. तो एका धातूच्या दांड्याच्या टोकावर बसतो, दांडा मांडीच्या हाडात जातो आणि गोळा कमरेतल्या सिरॅमिकच्याच वाटीत फिरतो. पाय धरून रडणारी माणसं चालायला लागतात. चार लोकांना उपयोगी पडणारं काम आपण करतो, असं भिंगवालीला आजवर वाटत आलं होतं. आणि आज बरणीवर तिच्या नणंदेचं नाव होतं.

नणंद, म्हणजे वन्सं, नवऱ्याची मोठी बहीण. स्वतःचा नवरा गेल्यावर ती भावाकडेच राहायला आली ती घर डोक्यावर घेऊनच. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोळा बसवल्यावर वर्षभरातच तिचा खुबा चालताना वाजायला लागला. कुरकुर, कुरकुर, तेल न घातलेल्या दारासारखा. "आता घराला बेल कशाला हवी?" ती म्हणायची. "मी जिन्यात आले की तुम्हाला कळतंच. चोरून गोड खायची सोयच राहिली नाही मेली!" सगळे हसायचे. भिंगवालीही हसायची. सिरॅमिकवर सिरॅमिक कधीकधी वाजतं, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीची माणूस चौकशी करत नाही.

मग एक दिवस वन्सं कुंडीतली माती उकरून उठायला गेली आणि आत काहीतरी खाडकन मोडलं. दवाखान्यात पाय उघडला तर आत सगळा चिखल. डॉक्टरांनी गोळा, दांडा, वाटी, सगळं काढून टाकलं, काळं मांस खरवडलं आणि सांगितलं, सूज उतरू दे, मग नवा सांधा बसवू. तोवर वन्सं बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून. सगळं खाटेवरच, भांडं घेऊन भावजयीने नाहीतर भावाने धावायचं. जिने आयुष्यात कुणाला आपला पेला विसळू दिला नाही, तिच्यावर ही पाळी.

कारखान्याचे मोठे साहेब भेटायला आले. हातात फुलं आणि एक मोहोरबंद डबा. "आपल्या घरचंच माणूस! नवा गोळा आमच्यातर्फे भेट. अगदी ताज्या मालातला," असं म्हणत त्यांनी डबा वन्संच्या उशाशी ठेवला. मग खुर्ची ओढून, आवाजात साखर घोळून विचारलं, "ताई, खरं सांगा हं. जमिनीवर बसत होतात ना?"

वन्संचा चेहरा पडला. "कधीमधी. कुंड्यांपाशी."

"तेच तर! कितीही चांगला माल असला तरी मांडी घालून बसल्यावर कडेवर भार येतो. पेशंटनेच पथ्य पाळलं नाही तर आम्ही काय करणार?"

"तुला लाख वेळा सांगितलं होतं, ताई," भावानेही री ओढली.

घरभर जिची जीभ चालायची ती वन्सं त्या दिवशी मान खाली घालून म्हणाली, "चुकलंच माझं." साहेब निघताना तिच्या खांद्यावर थोपटून गेले आणि दाराबाहेर रुमालाने हात पुसले. भिंगवालीने ते पाहिलं.

आता त्या भावाबद्दल, म्हणजे भिंगवालीच्या नवऱ्याबद्दल. तोही त्याच कारखान्यात कामाला. त्याला कारखान्यात सगळे आरसा म्हणत. नमुन्याचा तुकडा कापायचा, फिरत्या चकतीवर आधी हिऱ्याच्या जाड पुडीने, मग बारीक, मग त्याहून बारीक पुडीने घासायचा, तो चेहरा दिसेपर्यंत. हे सगळ्यांना जमतं, पण आरशासारखं कुणाला जमत नसे. त्याच्या बोटांखालून निघालेल्या तुकड्यात बघून भांग पाडावा! सुरुवातीच्या घासणीत तुकड्यावर काळी भोकं दिसली की या खोलीत एकच निदान होतं: हात जड पडला, सिरॅमिकचे दाणे उपटले, पुन्हा घास. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण भिंतीवरच्या घड्याळाइतका तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. आरसा तर भोकं दिसली की कानापर्यंत लाल व्हायचा. हलक्या हाताने, मऊ कापडावर, जेवणाची सुट्टी बुडवून तो घासत बसायचा, आणि शेवटी एकही भोक राहायचं नाही. मग तुकडा भिंगवालीकडे. ती भोकं मोजायची. भोकं नाहीत. पास.

बरणीतल्या गोळ्याचा तुकडाही त्यानेच कापला. या वेळी मात्र तो घासत असताना भिंगवाली उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. घरचं प्रकरण होतं, तिला दम निघत नव्हता. पहिली घासणी झाली तसा तिने तुकडा हातातून ओढून घेतला आणि भिंगाखाली ठेवला. भोकंच भोकं! देवीचे व्रण असलेल्या तोंडासारखा तुकडा दिसत होता.

"आण इकडे," आरसा ओशाळून म्हणाला. "आज हात ठिकाणावर नाही माझा. पुन्हा घासतो."

"तुमचा हात ठिकाणावर नाही?" ती म्हणाली. "झोपेत घासलंत तरी तुमचा हात चुकत नाही. दुसरा एखादा चांगला तुकडा असाच जाड पुडीवर घासा बघू."

कपाटात परदेशातून आणलेला एक जुना नमुना होता, तुलनेसाठी ठेवलेला. त्याने तो त्याच चकतीवर, त्याच पुडीने, तितकाच वेळ घासला. ओरखडे उठले, पण भोकं जवळजवळ नाहीतच.

भिंगवाली खुर्चीत बसली ती बसलीच. एवढी साधी गोष्ट! आरशासारख्या घासलेल्या तुकड्यात दाणे दिसतच नाहीत. ते बघायचे तर घासलेला तुकडा नीट तापवावा लागतो, म्हणजे दाण्यांमधल्या रेषा उघड्या पडतात. पूर्वी ते करायचे. मग वेळ जातो म्हणून साहेबांनी बंद केलं, कारण आरसा होताच, भोकं मोजली की झालं. तिने त्याच दुपारी कोपऱ्यातली छोटी भट्टी स्वतः पेटवली, कुणाला न विचारता. तुकडा तापवून, गार करून भिंगाखाली ठेवला. बारीक दाण्यांची एकसारखी वीण हवी, तिथे मध्येमध्ये हे एवढाले दाणे सुजून बसलेले. शेजारचे दाणे गिळून माजलेले. किळसच आली तिला.

दाणा बारीक असला की सिरॅमिक झिजतं तेही हळू, केसाएवढं सुद्धा नाही. दाणा माजला की भट्टीतून गार होतानाच त्याची शेजाऱ्यांशी ओढाताण सुरू होते, मधल्या रेषांना ताण बसतो, तडे जातात. मग भाराखाली एखादा दाणा उपटून बाहेर पडतो. तो हिऱ्याखालोखाल कठीण. तो वाटीत सापडला की बाकीच्यांना खरवडून काढतो, धातूचा दांडा तर त्याला लोण्यासारखा. ती काळी घाण म्हणजे तोच दांडा, पीठ होऊन मांसात शिरलेला. धातू निदान आधी वाकतो, दबतो, काही सांगतो तरी. सिरॅमिक वाकत नाही. ते कुरकुरतं, आणि घरातले सगळे हसतात.

आणि दाणे का माजले? भट्टी जास्त तापली म्हणून. भट्टीतला तापमापक जुना झाला की कमी दाखवतो, मग भट्टी आपली आणखी तापत राहते. तो बदला म्हणून तिने दोनदा सांगितलं होतं. भट्टी बंद ठेवायला साहेबांना सवड नव्हती. अजूनही तोच तापमापक होता. म्हणजे वन्संच्या उशाशी फुलांशेजारी ठेवलेला तो डबा, ताज्या मालातला, तोही त्याच भट्टीतला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो कांदा चिरत होता, तोही एकसारखा.

"अहो, भोकं तुमची नव्हती. मालाची होती."

"मला कळलं दुपारीच," तो वर न बघता म्हणाला.

"मग गप्प का?"

"काय बोलू? इतकी वर्षं माझीच समजून घासत आलो. म्हणजे मी काय घासत होतो ते बघ जरा." त्याचा आवाज चिरकला आणि क्षणभर तिला त्याची कीव आली. पण पुढे तो जे बोलला त्याने ती कीव जागच्या जागी मेली. "ऐक. मी विचार केलाय. डॉक्टरांना सांगून ताईला दुसऱ्या कंपनीचा गोळा बसवू. गुपचूप. हा डबा देऊ कुठेतरी टाकून. साहेबांना काय कळतंय? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि बाकीचे? ज्यांच्या अंगात हेच गोळे आहेत ते?"

"बाकीचे कोण? आपण त्यांना ओळखतो का?"

भिंगवालीला ओकारी आली. खरंच, मोरीशी जाऊन उभं राहावं लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो हे बोलला तेव्हा तिच्या छातीवरचं ओझं पळभर हलकं झालं होतं. वन्सं तरी सुटेल, असं तिच्याही मनात आलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! नवऱ्याची किळस करावी की स्वतःची, तिला समजेना. तिने चूळ भरली, तोंड पुसलं, वळली आणि म्हणाली, "तुमचा हात हलका आहे हे मला ठाऊक होतं. काळीजही तसलंच निघालं."

"हळू बोल. ताई ऐकेल."

"ताईने ऐकलंय!" बाहेरून आवाज आला. "पाय गेलाय माझा, कान नाही. दोघंही या इकडे."

दोघं बाहेर गेले. वन्सं उशीला टेकून बसली होती, मांडीवर साहेबांचा डबा. मोहोर तिने दातांनी तोडली होती आणि गोळा तळहातावर घेतला होता. दिव्याखाली तो इतका गुळगुळीत, इतका देखणा दिसत होता की नजर ठरत नव्हती.

"हा त्याच भट्टीतला?" तिने भिंगवालीला विचारलं.

"हो, वन्सं."

"आतून सडका?"

"फोडल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण भट्टी तीच आहे."

"फोडल्यावर दिसेल?"

"फोडलेली बाजू घासायची नसते. जसं आहे तसं दिसतं."

वन्संने गोळा भावापुढे धरला. "फोड."

"ताई, अगं हा साहेबांनी..."

"फोड म्हणते ना! जन्मभर घासलंस तेवढं पुरे. हातोडा आण."

त्याने हातोडा आणला. उंबऱ्याच्या दगडावर गोळा फडक्यात गुंडाळून ठेवला. पहिला घाव इतका हलका होता की गोळा टणकन उडून खाटेखाली गेला. "मेल्या, कांदा फोडतोयस का?" वन्सं ओरडली. त्याने गुडघ्यावर रांगत तो काढला, पुन्हा ठेवला, दात आवळले आणि मग जे घाव घातले ते बघून भिंगवाली मागे सरली. शेवटी फडक्यात करकर झाली.

त्याने फडकं उलगडलं. फुटलेली बाजू खडूसारखी मंद, सपाट दिसायला हवी होती. ती दिव्याखाली साखरेसारखी चमकत होती. दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, भिंग लागत नव्हतं. आरसा बघत राहिला. मग सवयीने त्याचा अंगठा त्या खरबरीत कडेवरून फिरला, गुळगुळीत आहे का बघावं तसा, आणि चरचरत कापला. फडक्यावर रक्त पडलं. वन्संने उशाची फुलं उचलून कचऱ्याच्या बादलीच्या दिशेने फेकली, ती बादलीबाहेर पडली.

"हे उद्या साहेबाच्या टेबलावर ठेव," ती म्हणाली. "डॉक्टरलाही बोलाव. आणि घासलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस. घर तुझं आहे, ठाऊक आहे मला. तरी टाकू नकोस."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत डॉक्टर चहा पीत बसले होते. आरशाने रुमाल उघडून तुकडे काचेच्या टेबलावर ठेवले. भिंगवालीने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं: भट्टी, तापमापक, दाणे, वाटीत अडकलेली त्या दाण्यांची वाळू, काळं मांस. आवाज चढू नये म्हणून ती खुर्चीची पाठ धरून बोलत होती. डॉक्टरांचा चहा गार झाला. "या आठवड्यात माझ्याकडे यांचेच गोळे बसवायचे आहेत," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

साहेबांनी एक तुकडा दोन बोटांत उचलला, झुरळ उचलावं तसा. बघितला. नाक मुरडलं. मग आरशाकडे सरकवून म्हणाले, "अरे, असं ओबडधोबड काय दाखवतोस पाहुण्यांना? जा, जरा घासून आण. मग बोलू."

आरशाचा हात पुढे झाला.

भिंगवालीने ते बघितलं. नुसता शब्द ऐकून हात आपोआप उठला होता, कुत्र्याने पंजा द्यावा तसा. बोटं तुकड्यापर्यंत पोचलीसुद्धा. कापलेल्या अंगठ्याला बांधलेली चिंधी काचेला घासली आणि बहुधा जखम दुखली, कारण तो थांबला. त्या चिंधीकडे बघत राहिला. मग हात मागे घेऊन त्याने तो पँटच्या खिशात कोंबला.

"नाही घासणार, साहेब," तो म्हणाला. "ताई घरात घेणार नाही."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळे तुकडे रुमालासकट उचलून खिशात टाकले आणि साहेबांचा पुढे आलेला हात न बघितल्यासारखं करून जिना उतरले. खाली जाता जाता ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, कपाटातले सगळे डबे बाहेर काढा, एकही उघडू नका.

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा वन्सं दाराकडे डोळे लावून बसली होती. आरसा खाटेपाशी गेला आणि खाली जमिनीवरच बसला, मांडी घालून.

"काय म्हणाला तुझा साहेब?"

"घासून आण म्हणाला."

वन्सं हसायला लागली. खाट हलेपर्यंत हसली, दुखऱ्या कमरेला हात लावून "आई गं, आई गं" करत हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. पाय मोडला तेव्हाही तिला कुणी असं रडताना पाहिलं नव्हतं. भिंगवाली पाण्याचा पेला घेऊन आली तो तसाच हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे," वन्सं शेवटी म्हणाली, "मी कुंड्यांपाशी बसले म्हणून नाही ना मोडला?"

"नाही, ताई."

"मी किती रात्री विचार करत पडले होते, ठाऊक आहे? त्या मेल्या चार रोपांसाठी आपणच आपला पाय घालवला म्हणून. तूही म्हणालास, लाख वेळा सांगितलं होतं म्हणून. पुन्हा सांग."

"तुझी चूक नव्हती, ताई. गोळा सडका होता. मी तो पास होईपर्यंत घासला."

वन्संने डोळे पुसले, भिंगवालीच्या हातातला पेला घेतला आणि पाणी पिऊन संपवलं. मग खाली बसलेल्या भावाच्या केस विरळ झालेल्या डोक्याकडे बघितलं.

"मला दोनदा सांगितलंस," ती म्हणाली. "बाकीच्यांना एकदा तरी जाऊन सांगशील ना?"